भागाक्काचं बिनआवाजी विमान

एका जंगलात, बाळांनो, प्रत्येकाला काही ना काही येत होतं. कुणाला पळता यायचं, कुणाला पोहता यायचं, कुणाला उडता यायचं. आणि तरी सगळे उठून एकच म्हणायचे, "आपल्याला कुणीतरी नेलं पाहिजे बाई!"

नीट बसा. आणि हे कुठलं जंगल असं मधेच विचारू नका. सगळी जंगलं सारखीच असतात, झाडं तेवढी वेगळी.

तर त्या जंगलात भागाक्का नावाची धनेशीण होती. धनेश तुम्ही पाहिला नसेल. मोठा पक्षी, ही एवढी वाकडी चोच, आणि चोचीवर आणखी एक टोपरं. देवानं घाईत केला आणि मग मोडायचं जिवावर आलं, असा.

धनेश उडाला की त्याचे पंख वाजतात. सगळ्याच धनेशांचे वाजतात. पण भागाक्काच्या डाव्या पंखातलं एक पीस वादळात गेलं, ते पुन्हा धड उगवलंच नाही. त्यामुळं तिचा आवाज दोन तुकड्यांत यायचा. घुंई... फस्स. घुंई... फस्स. ती दरीच्या त्या टोकाला निघाली की या टोकाला कळायचं.

खाली करवंदीच्या जाळीत सातभाई राहायचे. सातही पक्षी एकदम बोलायचे, त्यामुळं ऐकायला कुणी उरायचंच नाही. भागाक्का वरून गेली की त्यांचा गलका सुरू.

"आली रे आली, गिरणी आली!"

"दळणं घेऊन या!"

"आज पट्टा सैल आहे वाटतं!"

भागाक्का वरून म्हणायची, "डाळ आणा मेल्यांनो, भरडून देते!" आणि हसायची. पण फांदीवर बसली की पंख अंगाशी घट्ट आवळून घ्यायची. माझे गुडघे वाजले की मी कशी खोकते, तसंच ते.

या भागाक्काची एकुलती एक लेक रंगू. दरीपलीकडच्या बेहड्याच्या झाडावर तिला दिली होती. आता पहिलं बाळंतपण माहेरी असतं हे खरं, पण अंडी उचलून माहेरी कशी आणणार? म्हणून धनेशांत आईच लेकीकडे जाते.

आणि त्यांची रीत फार वेगळी. अंडी घालायची वेळ आली की बाई झाडाच्या ढोलीत शिरते. मग नवराबायको मिळून ढोलीचं तोंड मातीनं लिंपून टाकतात. चोच जाईल एवढी फट फक्त ठेवतात. नवरा त्या फटीतून उंबरं भरवतो. आत बाईची पिसं झडतात, नवी येतात, अंडी फुटतात, पिल्लं वाढतात. मग एक दिवस ती भिंत फोडायची.

ती भिंत नवऱ्यानं फोडायची नाही. बाहेरून त्यानंच लिंपलेली असते, आपलं केलेलं मोडताना चोच जड होते. ती फोडायची आतून लेकीनं आणि बाहेरून तिच्या आईनं. आणि लेक बाहेर आली की आईनं आपल्या चोचीतलं उंबर तिच्या तोंडात द्यायचं. बाहेरच्या उजेडातला तो तिचा पहिला घास.

आणखी एक. हाकेवर भिंत फोडायची नाही. त्या जंगलात भृंगराज नावाचा एक नकल्या पक्षी होता. तो आईसारखा बोलायचा, नवऱ्यासारखा बोलायचा, मांजरासारखा तर हुबेहूब. एकदा एका भोळ्या धनेशिणीनं "आई आले गं!" ऐकून घाईनं भिंत फोडली, आणि बाहेर खरोखरचं रानमांजर. तेव्हापासून घशावर कुणी विश्वास ठेवत नसे. आता विश्वास कशावर ठेवत, ते पुढं येईलच.

सगळं सुरळीत झालं असतं. पण रंगूच्या सासूबाई होत्या ना!

या विहीणबाई लग्नात चार घारींनी उचललेल्या टोपलीतून आल्या होत्या. धनेशीणच ती, चांगले धडधाकट पंख. पण टोपलीतून उतरताना मान किंचित वाकडी करून म्हणाल्या, "मी हल्ली उडत नाही बाई. मला नेलं जातं."

ते 'नेलं जातं' भागाक्काच्या पोटात जाऊन बसलं ते बसलंच. त्यानंतर तिला उंबर गोड लागेना.

एके सकाळी जावईबापू आले. दमलेले, चोच मातीनं माखलेली.

"आत्याबाई, पिल्लं मोठी झाली. रंगू म्हणते, भिंत फोडायची वेळ झाली. तुम्ही या."

"येते की! विहीणबाई यायच्या आहेत का?"

"त्या टोपलीतून येणार आहेत."

भागाक्काचा चेहरा पडला. जावईबापू पुढं म्हणाले, "आणि रंगूनं सांगितलंय, आईच्या पंखांचा आवाज आला की मी आतून चोच लावते."

भागाक्काला वाटलं, लेकसुद्धा टोमणा मारते! सातभाईंनी गिरणी म्हणावं, आणि पोटच्या पोरीनं म्हणावं, तुझे पंख इथपर्यंत ऐकू येतात?

"सांगा तिला," भागाक्का ताठ होऊन म्हणाली, "आई येईल ती बिनआवाजी येईल. आणि उडत येणार नाही. तिला आणलं जाईल."

जावईबापूंना काही कळलं नाही. ते उंबरं गोळा करायला निघून गेले.

भागाक्का तडक गेली नाना सुगरणाकडे. हा नाना म्हणजे घरटी विणणारा पक्षी. नदीकाठच्या बाभळीवर त्याची अर्धीमुर्धी घरटी लोंबत असायची. एक घरटं अर्धं झालं की बायको यायची, आत डोकवायची, "दार बाहेरच्या बाजूला पडतंय," म्हणायची आणि जायची. नाना नवं घरटं सुरू करायचा. अशानं त्याचा हात फार बसला होता आणि मन फार दुखावलं होतं. त्याला मोबदला नको होता. कुणीतरी 'वा!' म्हणावं, एवढंच हवं होतं.

"नाना, मला एक खासगी विमान करून दे."

नानाचे डोळे चमकले. त्यानं सागाचं कोवळं पान चुरडलं, त्याचा लाल रंग काढला, आणि एका मोठ्या पानावर चित्र काढायला बसला.

"हे बघा, भागाक्का. मूळचं हे वटवाघूळ. आतून सगळं बदलायचं. पंखाच्या आत मऊ सावरीचा कापूस. आसनं वरच्या बाजूला. तुम्ही उलट्या लटकून प्रवास करायचा."

"उलटी? मग उंबर खाल्लं तर कुठं जाईल?"

"ते... पाहावं लागेल. पण उतरल्यावर जग किती सरळ वाटेल!"

"वा," भागाक्का म्हणाली. "दुसरं दाखव."

दुसऱ्या चित्रात पुष्कळशा चतुरांना वेलीनं बांधून केलेलं विमान होतं. चतुर तुम्ही शेपटीला दोरा बांधून उडवता ना, तेच, मेल्यांनो. सोडून द्या त्यांना.

"याचं वैशिष्ट्य म्हणजे," नाना म्हणाला, "हे हवेत एका जागी थांबतं."

"थांबून काय करायचं?"

"खालच्यांना बघू द्यायचं."

हे भागाक्काला फार पटलं. पण चतुर डास दिसला की चार दिशांना जातात, आणि आपल्याला चार दिशांनी पोचायचं नाही, हेही तिला पटलं.

तिसरं चित्र उडत्या सरड्याचं. आत बसायला लाकडी झोपाळा, खिडकीला शिंपले.

"हे फक्त खाली जातं," नाना हळूच म्हणाला.

"आणि वर?"

"वर चालत. म्हणजे तुम्ही नाही हो! तुम्हाला वर नेलं जाईल."

बातमी जंगलभर पसरली. संध्याकाळी बाभळीखाली गर्दी व्हायला लागली. हत्तीनं विचारलं, विमानात डुंबायला तळं होईल का? नानानं तळ्याचं चित्र काढलं. मग विमानाला जागाच उरली नाही, पण हत्ती खूश. सातभाईंनी सात खिडक्यांचं विमान मागितलं आणि मग पुढच्या खिडकीवरून इतके भांडले की नाना ते चित्र घेऊन पळाला. पाकोळ्या, ज्या जन्मात कधी जमिनीला पाय लावत नाहीत, त्या झाडावर लटकून म्हणायला लागल्या, "आता विमान झाल्यावरच निघू. उगीच दगदग कशाला?"

उडणारे बसले. पळणारे बसले. चित्रं मात्र रोज नवी.

शेवटी भागाक्कानं निवड केली. तळ्यावर दामूअण्णा नावाचा थोराड पाणकोळी होता. चोचीखाली ही मोठी झोळी. आजवर मालवाहू म्हणून चाललेला, मासे भरायचे आणि पोरांकडं न्यायचे. उडायचा कसा? पंख पसरायचे आणि तरंगायचं. चूं नाही की चां नाही.

"अण्णा, मला तुमच्या झोळीतून नेता?"

दामूअण्णा विचार करून बोलणारा. "आजवर मासे वाहिले. धनेशीण वाहीन. फरक एवढाच, की मासे बोलत नाहीत."

नाना झोळीच्या कामाला लागला. आत गवताची विणलेली गादी, मोरपिसांचे पडदे, उशाला भेंडाचा लोड. भागाक्का रोज पंख न उघडता चालत यायची आणि काहीतरी बदलायची. पडदे गडद झाले. पडदे फिके झाले. गादीला झालर लागली. दामूअण्णा तोंड उघडून बसलेला असायचा आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी गळायचं.

अशात जावईबापू पुन्हा आले. वाळून काटकी झालेले.

"आत्याबाई, आत जागा पुरेना. पिल्लं अंगावर बसतात, रंगू मान मोडून बसलीय. भिंत उन्हानं दगडासारखी झालीय, तिला एकटीला फुटायची नाही. कधी येता?"

भागाक्कानं पंख उघडलेसुद्धा. पण उघडताना ते वाजले, फस्स. जाळीतून कुणीतरी म्हणालं, "दळण आलं का?" तिनं पंख मिटून घेतले.

"आलेच हो," ती म्हणाली. "फक्त पडदे राहिलेत."

जावईबापूंनी झोळीकडं बघितलं, पडद्यांकडं बघितलं, सासूकडं बघितलं. जावई होते, म्हणून काही बोलले नाहीत.

मग एकदाचं विमान निघालं. भागाक्का उंबर घेऊन झोळीत बसली. नानानं पडदा ओढला. "वा म्हणा!" तो ओरडला. "वा!" आतून आवाज आला, तो माशाच्या वासानं गुदमरलेला होता. मासे नव्हते, पण वास कुठं जातो?

वर गेल्यावर मात्र मजा होती. आवाज नाही, दगदग नाही. खाली सातभाई उड्या मारत, धावत मागून येत होते आणि त्यांना हसायला काही सापडत नव्हतं. भागाक्का पडदा बाजूला करून खाली बघायची, आणि कुणी वर बघतंय का तेही बघायची.

तेवढ्यात तळ्यात एक मासा चमकला. दामूअण्णा सवयीनं गप्पकन खाली वळला.

"अण्णा! अण्णा, मी आत आहे हो!"

"हां हां," दामूअण्णा झोळीत पाणी, शेवाळ आणि भागाक्का घेऊन वर येत म्हणाला. "विसरलोच."

भिजलेली, पडद्याला गुंडाळलेली भागाक्का बेहड्याच्या फांदीवर उतरली. विहीणबाई आधीच आल्या होत्या. घारी टोपली घेऊन बाजूला उभ्या. विहीणबाईंनी झोळी पाहिली, झालर पाहिली, आणि त्यांची चोच थोडी उघडी राहिली. भागाक्काला वाटलं, जन्माचं सार्थक झालं.

ती ढोलीपाशी गेली. "रंगू, मी आले गं!"

आत सगळं शांत झालं. पिल्लांची कुरकुरसुद्धा थांबली.

"रंगू, मी आई!"

"भृंगराजा," आतून रंगूचा बारीक आवाज आला, "काल तू सासूबाईंचा आवाज काढलास, तो बरा होता. आईचा जमत नाही तुला. तिच्या बोलण्याला माशाचा वास नसतो."

विहीणबाई खोकल्या. जावईबापू फटीपाशी जाऊन म्हणाले, "अगं, खरंच आत्याबाई आहेत."

"तो तुमचाही आवाज काढतो."

भागाक्का रीतीप्रमाणं बाहेरून भिंतीला चोच मारायला गेली. पहिली टोच मारते न मारते तोच फटीतून एक चोच आली आणि तिच्या नाकपुडीवर सणसणीत बसली. रंगू पिल्लांना मागं लोटून फटीपाशी उभी होती.

"लांब हो! माझी आई येईल तेव्हा मला कळेल."

"कसं कळेल?" भागाक्का नाक चोळत म्हणाली.

"ती लांबूनच कळते. मी लहान होते, ढोलीत एकटी असायचे, तेव्हापासून. अंधारात मला काही दिसायचं नाही. पण घुंई फस्स आलं की कळायचं, आलं खायला. दुसऱ्या कुणाचे पंख तसे वाजत नाहीत. घसा कुणाचाही करता येतो. पंख नाही करता येत."

भागाक्कानं मागं पाहिलं. विहीणबाई होत्या. चार घारी होत्या. खाली धापा टाकत सातही भाई येऊन पोचले होते. सगळ्या जगात ज्यांच्यासमोर उडायचं नाही, ते सगळे नेमके एका जागी जमले होते.

आत एक पिल्लू रडलं. रंगू त्याला म्हणाली, "थांब हं. आजी येईल."

भागाक्कानं अंगावरचा मोरपिसांचा पडदा काढला. फांदीवरून उडी मारली.

आता पुष्कळ दिवसांत उडालेली नाही, गादीवर बसून अंग जड झालेलं, पिसं ओली. पहिल्यांदा ती खालीच गेली. सरड्याच्या विमानासारखी. मग पंख लागले.

घुंई... फस्स! घुंई... फस्स!

"गिरणी चालू झाली रे!" सातभाई सवयीनं ओरडले.

आणि आतून आवाज आला. टक. टक. टक.

झाडाला एक फेरी मारून भागाक्का भिंतीपाशी आदळली आणि बाहेरून तिनं चोच लावली. टक ठक, टक ठक. मातीची ढेकळं खाली पडायला लागली, एक विहीणबाईंच्या टोपऱ्यावर पडलं. भागाक्काला पंख मिटायचं भानच राहिलं नाही, ते आपले उघडेच, फसफसत.

भिंत पडली. रंगू बाहेर आली. फिकी, वाकलेली, डोळे किलकिले केलेली. मागून तीन गबदुल डोकी.

भागाक्कानं उंबर तिच्या तोंडात दिलं. तळ्यातल्या त्या बुडीत ते झोळीतल्या गादीखाली गेलं होतं, तिथून काढून आणलेलं. पार चेपलेलं.

रंगूनं ते खाल्लं. सगळं खाल्लं. मग म्हणाली, "आई, उंबराला माशाचा वास येतोय गं."

"विमानातलं आहे," भागाक्का म्हणाली. आणि आधी तीच हसायला लागली. इतकी हसली की फांदी हलायला लागली.

विहीणबाईंनी टोपऱ्यावरची माती झटकली आणि विचारलं, "विहीणबाई, मघाशी तो आवाज कसला होता हो?"

"माझा," भागाक्का म्हणाली. "तुमचा कसा येतो?"

विहीणबाई जरा घुटमळल्या. इकडं तिकडं पाहिलं. घारींकडं पाठ केली आणि एक पंख हळूच हलवला. घर्रर्र. बारीकसा, पण होता.

"अय्या, छान आहे की!" भागाक्का म्हणाली.

परत जाताना दामूअण्णानं तोंड उघडलं. भागाक्का म्हणाली, "नको अण्णा. तुम्ही मासे बघा." दामूअण्णानं एवढा मोठा उसासा टाकला, की गादी, लोड आणि झालर एकदमच बाहेर पडलं.

घरी येऊन तिनं सातभाईंना सगळी गोष्ट स्वतःच सांगितली, नाकावरच्या टोचेसकट. सातही एकदम गप्प बसून ऐकत होते. असं पहिल्यांदाच झालं.

आता तुम्हाला वाटेल, जंगल शहाणं झालं. सगळे उठले आणि आपापल्या पंखांनी, पायांनी निघाले.

तसं नाही झालं. नाना सुगरणानं दुसऱ्याच दिवशी नवं पान रंगवलं. त्यात तेच विमान, तीच गादी, तेच पडदे. फक्त शेपटीला बांबूची एक पिपाणी, ती वाऱ्यानं वाजायची. घुंई... फस्स. खाली लिहिलं होतं, 'आपली माणसं ओळखतील असा खास घरगुती आवाज.' बाभळीखाली ही गर्दी लोटली. पाकोळ्यांनी मागितलं, हत्तीनं मागितलं. विहीणबाईंनी घारींकडून निरोप धाडला, आमच्यासाठी घर्रर्रवालं काढून ठेवा.

नानाच्या बायकोनं चित्रात डोकावून पाहिलं. "आवाज जरा जास्त होतोय," ती म्हणाली आणि गेली.

भागाक्कासुद्धा गेली बघायला. उडत गेली, घुंई फस्स करत गेली. चित्राभोवती दोनदा फिरली, मान वाकडी केली, आणि हळूच म्हणाली,

"नाना, या पडद्यांत निळा रंग असतो का रे?"

तात्पर्य: विमान जरूर घ्यावं, कारण पंखांना पडदे लावता येत नाहीत. मात्र लेकीच्या दाराशी पोचल्यावर घटकाभर खाली उतरून आपला जो काय आवाज असेल तो काढावा, आणि विहिणीनं विचारलं, तर तो विमानाचाच आहे म्हणून सांगावं.